सुनीतीवहिनींचा डबा

दूध आटायला वेळ आहे. तोवर मला सांगा, त्या कठड्यावर खडे कुणी मांडलेत? तुझे का? चांदण्यात चार्ज करतेस? कर बाई, कर. मोबाइल चार्ज होतो तर खड्यांनी काय पाप केलंय! हसू नका रे तिला. मीही असाच हसायचो. माधव आगाशेही हसायचा.

कोजागरी आहे, जागायचंच आहे, तर माधवचीच गोष्ट सांगतो. नंतर झोप लागली नाही म्हणून माझ्याकडे तक्रार आणायची नाही.

माधव माझा ऑफिसातला सोबती. पाटबंधारे खात्यात आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून नोकरी संपवली. रिटायर झाल्यावर मी इथे धायरीत फ्लॅट घेतला, तर त्याने समोरच्या बिल्डिंगमध्ये घेतला. वर म्हणाला, "गोपाळकृष्ण, तुझं तोंड बघायची सवय झालीय, एवढंच. प्रेमबिम समजू नकोस."

तर २०१८ सालचा जून. एकवीस तारीख, गुरुवार. पाऊस एक झड टाकून गायब झाला होता. रात्री अकरा वाजून गेल्यावर माधव हातात एक रिकामा डबा घेऊन घरातून निघाला. मागच्या कालव्याच्या कडेला करंजाचं झाड आहे ना, त्याच्या बुंध्याशी तो डबा ठेवायचा आणि परत यायचं. काम इतकंच होतं.

डबा रिकामा का, ते आधी सांगायला हवं.

तो डबा सुनीतीवहिनींचा, म्हणजे माधवच्या बायकोचा. स्टीलचा, कडीचा. लग्नात त्यांच्या आईने दिलेला. बाजूला ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं, 'चि. सौ. कां. सुनीती हिस, आईकडून', आणि खाली लग्नाची तारीख. तुमच्या वेळी भेट म्हणजे व्हाउचर. आमच्या वेळी भांडं द्यायचे, त्यावर नाव घालायचे, आणि ज्या दिवशी द्यायचं त्या दिवसाची तारीख घालायचे. त्या डब्यातून वहिनींनी मला किती वेळा सांजा पाठवलाय! आणि आमच्याकडून काही गेलं की आमचं भांडं कधी रिकामं परत आलं नाही. घरात काही नसलं तर चमचाभर साखर. पण रिकामं भांडं द्यायचं नाही म्हणजे नाही. तुमच्या आयाही तेच करतात, बघा लक्ष देऊन.

२०१७च्या श्रावणात वहिनी गेल्या. दुखणं बरेच महिने चाललं होतं. नीरजा, त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा नोकरीसाठी बंगळूरला होती. शेवटी शेवटी वहिनींना अन्न जात नव्हतं. एका संध्याकाळी फोनवर तिला म्हणाल्या, "तुझ्या हातचा मऊ भात खावासा वाटतोय गं. मेतकूट-तूप घालून." ती म्हणाली, "शनिवारी येते, आई. आल्याआल्या करते." गुरुवारी वहिनी गेल्या.

दहाव्याला ओंकारेश्वरावर कावळा शिवेना. समोर झाडावर बसलेले, पण पिंडाकडे एकही फिरकेना. भटजी घड्याळ बघायला लागले. शेवटी माधव हात जोडून म्हणाला, "पोरीची काळजी करू नकोस. ती माझ्याकडे आहे. मी सांभाळतो." आणि कावळा उतरला. तुम्ही म्हणाल योगायोग. म्हणा.

नीरजा बंगळूर सोडून घरी आली. हिंजवडीला नोकरी धरली. रडली नाही, तेच वाईट झालं. रात्र रात्र लॅपटॉपवर काहीतरी वाचत बसायची. मग तिच्यासारख्याच चार-पाच मुली जमल्या आणि घरात रविवारी बैठका सुरू झाल्या. रंगीत मेणबत्त्या, भविष्याचे पत्ते, धूर. तमालपत्रावर इच्छा लिहून ते जाळायचं. माधव म्हणायचा, "अगं, मसालेभातात घाल, निदान एक इच्छा तरी पुरी होईल." त्यांचं वर्षही वेगळं. ऋतू बदलला की सण. सर्वांत मोठी रात्र, सर्वांत मोठा दिवस, दिवस-रात्र सारखे होतात तो दिवस, असं सगळं. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री मेलेल्यांचं जेवण.

"बाबा, त्या रात्री दोन जगांमधला पडदा पातळ होतो," ती म्हणाली. "तेव्हा ऋतू मरतो ना."

"तिकडे मरत असेल," माधव म्हणाला. "इकडे ऑक्टोबर हीट आहे. पंखा लाव."

पण त्याने अडवलं नाही. पोरीला बरं वाटतंय, तर करू दे. मीही तेच म्हणालो.

आता नीट ऐका. आपल्याकडे पितरांना पानावर वाढतात. केळीचं पान, पत्रावळ, द्रोण. का? तर पान परत करायचं नसतं. वाढलं, विषय संपला. नीरजाला हे कोण सांगणार? तिच्या लॅपटॉपवर नुसतं लिहिलं होतं, आवडीचं अन्न झाडाखाली ठेवा. तिने मऊ भात केला. त्या दिवशी एकादशी होती हेही घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. वर मेतकूट, तूप. आणि कुत्री तोंड घालतील म्हणून तो भात आईच्या कडीच्या डब्यात भरला, झाकण घट्ट लावलं आणि करंजाखाली ठेवून आली.

नाव घातलेलं भांडं दिलं, पोरांनो. ते परत करावं लागतं.

सकाळी माधव दूध घ्यायला दार उघडतो, तर डबा उंबऱ्याशी. घासलेला, पुसलेला. आत चमचाभर साखर.

वॉचमनला विचारलं, शेजारीपाजारी विचारलं. कुणालाच काही माहीत नाही. नीरजा मात्र डबा पोटाशी धरून ढसाढसा रडली. आई गेल्यापासून पहिल्यांदा. माधव मला म्हणाला, "कुणी का ठेवला असेना, पोर रडली. मोकळी झाली." मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

डिसेंबरात सर्वांत मोठी रात्र आली. पुन्हा भात, पुन्हा डबा. सकाळी आत ओला हरभरा सोललेला. वहिनी हिवाळ्यात सोलाण्यांची उसळ करायच्या. पण या दाण्यांना ओल्या मातीचा वास येत होता, आणि तो वास स्वयंपाकघरातून आठवडाभर गेला नाही.

तेव्हापासून नीरजाचं जेवण सुटलं. समोर ताट ठेवलं की म्हणायची, "आई जेवली ना, माझं पोट भरलंय." माधव घास भरवायला जायचा, ती तोंड फिरवायची. गालफडं बसली, बोटातली अंगठी निसटायला लागली. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. सगळं नॉर्मल. रविवारच्या मुली एकेक करून यायच्या बंद झाल्या. त्यातली एक माधवला जिन्यात गाठून म्हणाली, "काका, आम्ही फक्त मजा म्हणून करत होतो हो. ती वेगळंच काहीतरी करतेय."

मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे झाले. माधवने डबा लपवून ठेवला होता. तिने तो शोधून काढला.

दुसऱ्या सकाळी माधव माझ्याकडे आला तो चप्पल न घालता. मूठ उघडून दाखवली. डब्यात हे होतं, म्हणाला.

चांदीचं जोडवं. एकच.

"वहिनींचं?" मी विचारलं.

"तिच्या पायात होतं," माधव म्हणाला. "दाहिनीत नेताना मी शेवटचं पाहिलं. पायातच होतं..."

चहा तसाच राहिला.

मग तो म्हणाला. "ती जायला बघत असेल रे. पण आपण डबा पाठवतो. मग तिला परत करावा लागतो. रिकामा कसा देईल? तिचा स्वभाव माहितीये ना तुला. तिच्याकडे आता द्यायला काय उरलंय? जोडवं दिलंन. पुढे काय देईल?" आणि थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "नीरजा म्हणते, जूनला, सर्वांत मोठ्या दिवशी, डबा ठेवून परत यायचं नाही. तिथेच बसायचं. आईबरोबर एका डब्यातून जेवायचं."

उपाय त्यानेच काढला. देणंघेणं तोडायचं तर आपल्यात एकच रीत आहे. भांडं रिकामं पाठवायचं. ज्या बाईने जन्मात कुणाला रिकामं भांडं दिलं नाही तिला, तिच्याच नवऱ्याने, तिचाच डबा रिकामा पाठवायचा.

तर ती रात्र. नीरजाने भात करून डबा भरून ठेवला होता. पण अंगात त्राण कुठलं! ओट्याशीच भिंतीला टेकून बसल्याबसल्या तिला ग्लानी आली. माधवने तिच्या अंगावर पांघरूण घातलं. भात काढला. डबा धुतला, कोरडा केला. झाकण लावलं. निघाला.

मी त्याच्याबरोबर गेलो नाही. त्याने येऊ दिलं नाही. पुढचं त्याने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं तसंच सांगतो.

कालव्याचा रस्ता तेव्हा कच्चा होता. दिवा नाही. कालवा त्या आठवड्यात बंद होता, तळाला नुसता चिखल. बेडूकही ओरडत नव्हते. त्याने बुंध्याशी डबा ठेवला. म्हणाला, "सुनीती, रिकामा आहे. रागावू नकोस. आता पुरे. पोर माझ्याकडे राहू दे."

आणि वळला. मागे बघायचं नाही असं ठरवलं होतं.

थोडा चालला असेल.

मागे कडी वाजली.

तो थांबला.

झाकण निघाल्याचा आवाज. मग... काही नाही. बराच वेळ काही नाही.

मग डब्यात बोटं फिरल्याचा आवाज. तळाशी. कडेने. कुणीतरी अंधारात चाचपतंय. नखं स्टीलवर... तुम्ही कधी ऐकलीत?



मग पाण्याचा आवाज आला. कालवा कोरडा होता. पाटबंधारे खात्यात जन्म घालवलेला माणूस मला सांगतोय, थेंब नव्हता. आणि खाली उतरून कुणीतरी डबा विसळत होतं. सावकाश. नीट. रिकामा डबा. विसळायला काय होतं त्यात?

तो म्हणाला, "मी हाक मारली असती, गोपाळ. जीभच..."

पाण्याचा आवाज थांबला. मग टिक. टिक. टिक. बारीक, एका लयीत. बराच वेळ. तो आवाज कसला, ते त्याला तेव्हा कळलं नाही.

तो कसा घरी पोचला ते त्याला आठवत नव्हतं. नीरजा गाढ झोपली होती. सकाळी उठली आणि म्हणाली, "बाबा, भूक लागलीय." पोहे केले, तिने दोनदा मागून घेतले. माधव तिच्यासमोर बसून नुसता बघत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याला पुसायचं भान नव्हतं.

मग त्याने दार उघडलं.

उंबऱ्याशी डबा होता. रिकामा. साखरेचा कण नाही. मला बोलावून घेतलं, म्हणाला, "जमलं रे. तोडलंन तिने." आणि त्याच दारात बसून लहान पोरासारखा रडला.

संध्याकाळी तो डबा घेऊन माझ्याकडे आला. "माझ्या घरात नको, तू ठेव." मी आत नेला, दिव्याखाली धरला. तळाशी काहीतरी चमकलं. पाहिलं तर स्टीलचा कीस. ताजा. अगदी चिमूटभर.

मी डबा फिरवला.

माधवलाही दाखवला. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. परत पाहिलं. मग माझा हात धरून म्हणाला, "नीरजाला कळता कामा नये."

त्याच वर्षी थंडीत माधव गेला. हार्ट अटॅक. झोपेत. नीरजा आता परदेशात असते, लग्न झालंय, छान चाललंय. त्या मेणबत्त्याबिणबत्त्या तेव्हाच सुटल्या. दर दिवाळीला मला फोन करते. सगळ्यांची चौकशी करते आणि शेवटी विचारतेच, "काका, आईचा तो कडीचा डबा कुठे गेला हो?"

मी सांगतो, कल्पना नाही गं.

माझ्या माळ्यावर आहे. वर्तमानपत्रात गुंडाळून. वहिनींच्या नावाखाली दुसरी ओळ आहे. तशीच, ठिपक्याठिपक्यांची, तशाच वळणाची. 'चि. नीरजा हिस, आईकडून.'

आणि खाली तारीख.

नाही. तारीख सांगणार नाही. कितीही विचारलंत तरी नाही... एवढंच सांगतो, अजून यायची आहे, पण यंदाची नाही.

ते दूध बघा रे कुणीतरी, उतू जातंय.