भिंतीवरची सीताफळं

एस्तेर भिंतीवर चढली तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि रहिमतपूरची सगळी ख्रिस्ती मंडळी, म्हणजे मोजून एकतीस घरं, उद्याच्या स्वागताच्या गडबडीत होती. दोन वर्षांनी चर्चला पाळक मिळत होते. चर्चला आणि शेजारच्या पाळकाच्या घराला चुना लावून झाला होता. सुलाबाईंच्या भगिनी मंडळात आमटी तिखट करायची की बेताची, यावरून भांडण लागलं होतं. थोडक्यात, सगळं यथास्थित चाललं होतं. कुणाचं आपल्याकडे लक्ष नाही हे बघून एस्तेरने साडीचा पदर खोचला आणि पाळकाच्या कुंपणातल्या सीताफळाच्या झाडाकडे हात लांबवला.

"ते नका काढू. डोळे उघडले नाहीत त्याचे अजून."

खाली बंद दाराच्या पायरीवर एक तरुण बसला होता. शेजारी एक बॅग, आणि सदऱ्याला पाठीपासून बाहीपर्यंत ओला चुना.

"तुम्ही चुनेवाले ना?" ती वरूनच म्हणाली. "काम झालं असेल तर जा की. उद्या पाळक येतायत. ते यायच्या आत मला चार फळं काढायचीत."

"का? पाळकांना आवडत नाहीत सीताफळं?"

"पाळकांना सगळंच आवडतं. आवडावंच लागतं. घरोघर जेवायचं असतं त्यांना."

"बरीच माहिती दिसतेय पाळकांची..."

"पाळकाचीच मुलगी आहे मी. धरा ही पिशवी."

त्याने पिशवी धरली. तीन फळं पिशवीत पडली. चौथ्याकडे तिचा हात गेला तसा तो पुन्हा म्हणाला, "ते तरी राहू द्या. रविवारपर्यंत पिकेल."

"रविवारी ते पाळकाचं झालेलं असेल."

"मग त्याच्याकडे मागा."

"मी? मी लावलेल्या झाडाचं फळ मी मागू?" तिने त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने मान खाली घातली. हसू लपवायला घातली, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चर्च भरलं. मंडळीचे सेक्रेटरी नाथाजीकाका हार घेऊन पुढे झाले, आणि पांढरा झगा घातलेले रेव्हरंड अनुग्रह सातपुते आत आले. वय एकोणतीस. कानामागे चुन्याचा एक ठिपका अजून तसाच. गायनमंडळात दुसऱ्या रांगेत उभ्या असलेल्या एस्तेरचा सूर जो सुटला, तो गीत संपेपर्यंत सापडला नाही. त्यात त्या दिवसासाठी नेमलेला पाठ होता एदेन बागेचा. पाळकांनी तो शांतपणे वाचला. बाईने हात लांब करून फळ तोडलं, त्या ठिकाणी मात्र ते थांबले, पाणी प्यायले आणि पेल्यावरून दुसऱ्या रांगेकडे बघितलं.

उपासनेनंतर प्रीतिभोजन होतं. सगळी मंडळी एका पंगतीला. एस्तेर भात वाढत होती. त्याच्यापुढे आली तेव्हा तिने नजर वर केलीच नाही.

"सलाम," तो म्हणाला. "चौथं आहे अजून झाडावर."

"भात वाढू?"

"वाढा. पाळकांना सगळंच आवडतं."

पहिली तीन फळं तिने गव्हाच्या डब्यात पिकायला घातली होती. ती पिकली नाहीत, काळी पडली. हे तिने कुणाला सांगितलं नाही.

त्या झाडाचं तिला एवढं काय होतं, हे सांगायला हवं. सीताफळाला बी लावल्यापासून फळ धरायला चार वर्षं लागतात. पाळकाची बदली तीन वर्षांनी होते. एस्तेरचं सगळं बालपण या एका वर्षाच्या फरकात गेलं. मेढ्याला तिने फणस लावला. तो गुडघ्याएवढा झाला, तोवर बदलीचं पत्र आलं. कवठे महांकाळला बोर लावली. तिला काटे धरले, बोरं धरायच्या आत टेम्पो दारात. आणखी दोन गावं झाली, मग रहिमतपूरला वडील निवृत्त झाले आणि त्याच वर्षी गेले. आई राहीबाई आणि ती, भिंतीपलीकडच्या दोन खोल्यांत भाड्याने राहू लागल्या. एस्तेरने गावाबाहेर दहा गुंठे घेऊन उसाच्या रोपांची रोपवाटिका काढली. ती चांगली चालली होती. आता ती इथून हलणार नव्हती. कुणाशीही लग्न करेन, पाळकाशी नाही, असं ती कुणी विचारलं नसतानाही सांगायची.

आणि आता भिंतीवर सीताफळं यायला लागली. रोज सकाळी दोन. धुतलेली, डोळे उघडलेली, खाली पिंपळाचं पान.

तिने पहिल्या दिवशी ती परत नेऊन दिली. "मला दान नको, पाळकसाहेब."

"दान नाही. झाड तुमचंच आहे असं तुम्हीच म्हणालात."

"झाड माझं आहे. फळ तुमचं आहे. नियम नियम आहे."

"मग नियम काय सांगतो? मी दोन डझन एकटा खाऊ?"

"तो तुमचा प्रश्न."

दुसऱ्या दिवसापासून तिने परत न्यायचं सोडलं, पण हात लावला नाही. राहीबाई मात्र मुकाट्याने खात होत्या. बिया ओंजळीत घेऊन एकदा म्हणाल्या, "लय ग्वाड हाय गं. तुज्या हट्टापायी मी काय उपाशी ऱ्हाऊ?"

नव्या पाळकाला घर होतं, चूल नव्हती. म्हणून एकेका घरी एकेक वार जेवायचं ठरलं. गुरुवार राहीबाईंचा आला. गुरुवारी एस्तेर रोपवाटिकेतून लवकर घरी येऊ लागली. पाणी नीट सोडलंय की नाही हे तिथला गडी, गुंडा, बघेल, असं ती स्वतःलाच सांगायची. अनुग्रह जेवता जेवता गोष्टी सांगायचा. अमक्याच्या घरी गृहभेटीला गेलो तर कुत्र्याने झगा कसा फाडला. सुलाबाईंनी नाताळच्या करंज्या मोजायला मलाच कसं बसवलं. तो हसला की डावा डोळा आधी बारीक व्हायचा. एस्तेरला हे माहीत असायचं काही कारण नव्हतं.

इथे येण्याआधी तो कवठे महांकाळला तीन वर्षं होता, हे तिला ठाऊक होतं. पण बोरीबद्दल तिने कधी विचारलं नाही. विचारलं आणि 'तोडली' असं उत्तर आलं तर... त्यापेक्षा न विचारलेलं बरं.

नाताळच्या आधी एका दुपारी तो रोपवाटिकेत आला. ट्रॅक्टरमध्ये ट्रे चढवायला माणूस कमी होता, म्हणून त्याने बाह्या सरसावल्या. पन्नासेक ट्रे चढवून झाल्यावर हातांची माती झटकत तो म्हणाला, "एस्तेर... तुम्हाला एक विचारू?"

"नका विचारू."

"मी काय विचारणार ते तरी..."

"कळलंय. म्हणूनच म्हणते." तिने एक रोप उचलून उगाच सरळ केलं. "मी दिलेली रोपं लोक घेऊन जातात आणि स्वतःच्या रानात लावतात. मला त्याचं काही वाटत नाही, तो माझा धंदा आहे. पण मला स्वतःला आता कुणी उचलून दुसरीकडे लावू नये. तुम्ही वाईट नाही. तुमची बदली वाईट आहे."

"ती माझ्या हातात नाही," तो म्हणाला. खोटं बोलणं त्याला सोपं होतं. पण खोटं तो बोलला नाही.

"माझ्या हातात 'नाही' म्हणणं आहे."

त्याने खाली राहिलेला एक ट्रे उचलून चढवला. मग "बरं" म्हणाला आणि गेला. सीताफळांचा हंगाम तसाही संपला होता. भिंत मोकळी दिसू लागली. गुरुवारी तो जेवायला यायचा, पण गोष्टी सांगायचा नाही. एस्तेरने ठरवल्याप्रमाणे सगळं झालं होतं, आणि तिला रात्रंदिवस वाईट वाटत होतं.

मंडळीला यातलं काहीच माहीत नव्हतं. मंडळीला भिंत माहीत होती. पिंपळाच्या पानावर सीताफळं ठेवणारा पाळक आणि गुरुवारी लवकर घरी येणारी एस्तेर, एवढं दिसल्यावर एकतीस घरांना आणखी काय हवं? नाथाजीकाकांनी कॅलेंडर काढलं. लग्नाआधी सलग तीन रविवार चर्चमध्ये पुकार, म्हणजे वरवधूची नावं वाचून कुणाची हरकत आहे का हे विचारणं, व्हावी लागते, आणि उपवासकाळ लागला की चाळीस दिवस लग्न नाही. हिशोब करता वेळ अगदी थोडा उरला होता. दोघं पोरं लाजतायत, आपणच पुढं व्हायला हवं, असं ठरवून त्यांनी सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लिहिली आणि रविवारी बाकीच्या सूचनांत ठेवून दिली.

पाळकांनी पहिली सूचना वाचली: भगिनी मंडळाची सभा. दुसरी वाचली: स्पीकर दुरुस्तीला दिला आहे. तिसरी उघडली.

"विवाहाची पहिली पुकार. वर, रेव्हरंड अनु..."

तो थांबला. गायनमंडळातल्या सगळ्यांच्या माना एस्तेरकडे वळल्या.

अनुग्रहने चिठ्ठी घडी करून खिशात टाकली. "ही चिठ्ठी चुकून आली आहे. यातल्या वधूने होकार दिलेला नाही, आणि तो न देण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. याबद्दल तिला कुणी एक शब्दही विचारू नये, ही माझी विनंती आहे. आपण पुढचं गीत गाऊ या."

एवढ्या लोकांसमोर स्वतःला नकार मिळाला हे त्याने सांगून टाकलं, आणि तिच्यावर बोट येऊ दिलं नाही. एस्तेरने गीताचं पुस्तक उघडलं. अक्षरं दिसेनात. आपण याच्यावर प्रेम करतो, हे तिला तिथे, तिसऱ्या कडव्याला, अगदी स्वच्छ कळलं. कळून उपयोग काय, हे मात्र कळलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर नाथाजीकाका टोपी हातात घेऊन उभे होते. "आवं पाळकसाहेब, चुकलं माजं. आमास्नी वाटलं, ठरलंच हाय. समद्या गावाला दिसत व्हतं की!"

"काय दिसत होतं, काका?"

"भित," काका म्हणाले.

त्या दुपारी एस्तेर भिंतीपाशी गेली. तो पलीकडे झाडाच्या आळ्यातली माती सारखी करत होता.

"तुम्ही तसं बोलायला नको होतं," ती म्हणाली.

"मग काय बोलायला हवं होतं?"

तो उठला, घरात गेला आणि एक कापडी पिशवी घेऊन आला. ती त्याने भिंतीवर ठेवली.

"काल कवठे महांकाळहून एकजण आले. त्यांना आणायला सांगितलं होतं. हंगामाची वाट बघत होतो. हे तुम्हाला तसंही द्यायचंच होतं, तुमचं उत्तर काहीही असलं तरी."

पिशवीत बोरं होती. मोठी, पिवळट तांबूस.

"तिथल्या पाळकाच्या घरामागे बोर आहे," तो म्हणाला. "आळ्याला सिमेंटचा कठडा. सिमेंट ओलं असताना कुणीतरी काडीने नाव लिहिलंय. एस्तेर. तीन वर्षं मी रोज सकाळी तिथे तोंड धुतलं. संडेस्कूलची पोरं दगड मारून ती बोरं पाडतात. एक म्हातारी बाई दर थंडीत वाळवून लेकीला पाठवते. मी येईपर्यंत तिथे तीन पाळक होऊन गेले, तिघांनीही खाल्ली. कुणालाच ठाऊक नव्हतं, एस्तेर कोण. मग इथे आलो, आणि पहिल्याच दिवशी एक बाई भिंतीवर..."

"तोडली नाही?" तिने पिशवी स्वतःकडे ओढली. "कुणीच तोडली नाही?"

"माझ्या दुप्पट उंच आहे."

एस्तेरने एक बोर तोंडात टाकलं. गोड होतं, शेवटी किंचित आंबट. सत्तावीस वर्षांची बाई भर दुपारी भिंतीला टेकून बोर खात रडत होती, आणि पाळक दुसरीकडे बघत होते. हे त्यांनी चांगलं केलं. दुसरं बोर. तिसरं. बिया तिने थुंकल्या नाहीत, मुठीत धरून ठेवल्या.

"बदली कधी?" तिने विचारलं.

"अडीच वर्षांनी. कुठेही. कदाचित मेढ्याला."

"मेढ्याला माझा फणस आहे." तिने पदराने तोंड पुसलं. "माझी एक अट आहे."

"माझ्या हातातली आहे?"

"आहे. जिथून जाऊ तिथे दरवर्षी फळाच्या वेळी परत यायचं. तुमची सभा असो, नाहीतर बिशप येवोत. मी लावलेलं मी खाणार. रोपवाटिका चालूच राहील, गुंडाला मी तयार करते. आणि... मला पाळकीणबाई म्हणायचं नाही. मी एस्तेर आहे."

"ते मी कठड्यावर वाचलंय," तो म्हणाला, आणि त्याचा डावा डोळा आधी बारीक झाला.

पुढच्या रविवारी सूचनांत पुन्हा तीन चिठ्ठ्या होत्या. तिसरीचं अक्षर नाथाजीकाकांचं नव्हतं. पाळकांनी ती उघडली, अक्षर ओळखलं आणि घसा साफ केला. पुकार पाळकानेच वाचायची असते, म्हणून त्यांनी स्वतःचीच पुकार स्वतः वाचली: वराचं नाव, वधूचं नाव, दोघांची गावं.

"या विवाहाला कुणाची हरकत असल्यास त्याने आत्ताच सांगावे."

रिवाज असा, की इथे थोडं थांबायचं. अनुग्रह थांबला. जरा जास्तच थांबला. गेल्या रविवारचं त्याच्या मनातून गेलं नसावं. सुलाबाईंनी नाथाजीकाकांचा हात घट्ट पकडला. तो अजून थांबलाच होता, नजर दुसऱ्या रांगेकडे...

दुसऱ्या रांगेत एस्तेरने गीताचं पुस्तक खाली ठेवलं.

"न्हाई कुणाची हरकत," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "वाचा की फुडं, पाळकसाहेब."