दिवे वाढवा!

भिंगरीच्या धाकट्या आत्याला जुळं झालं, त्याच वर्षीच्या सुट्टीत बर्फाच्या मैदानावर सिनेमावाले येऊन उतरले. बर्फावरची हॉकी खेळणाऱ्या एका मुलाचा सिनेमा, आणि तोही गाण्यांचा! म्हणजे नायक गोल मारणार तोसुद्धा गात गात!

"पळता पळता गाताना दम लागत नाही का त्याला?" पावशेरने विचारलं.

"गाणं आधीच गाऊन ठेवलेलं असतं, मठ्ठा! तो नुसतं तोंड हलवतो," चष्मिस म्हणाली.

"हात्तिच्या! शाळेत प्रार्थनेला मीही तेच करतो!"

पावशेर हा भिंगरीचा मामेभाऊ, अंगाने नावाप्रमाणेच. चष्मिस शेजारची. आणि भिंगरीचे आजोबा त्या मैदानाचे बर्फवाले. त्या भल्यामोठ्या बंद दालनात, जमिनीखालच्या गार नळ्यांवर, एकतीस वर्षं त्यांनी बर्फ आरशासारखा राखला होता. त्यांच्यामुळेच तर या तिघांना बाकांवर बसून टाळ्या वाजवायचं काम मिळालं होतं.

पण त्या दुपारी टाळ्या वाजल्याच नाहीत. शेवटचं गाणं सुरू झालं. नायक सुसाट आला, शेवटच्या ओळीला त्याने काठी उगारली आणि गोलच्या जाळीसमोर धप्पकन आपटला! हॉकीची काळी चकती चिखलात म्हैस बसावी तशी जागीच बसली.

"थांबवा!" दिग्दर्शकबाई ओरडल्या. "सलग तिसरा दिवस! सकाळी बर्फ दगडासारखा, मग जेवणानंतर इथेच पाणी कसं होतं?"

त्यांचा मदतनीस पुढे सरसावला. "बाई, मी डोळ्यांनी पाहिलंय. हे आजोबा बर्फावर गरम पाणी ओततात!"

"ओततोच!" आजोबा म्हणाले. "गरम पाण्याने स्केटचे चरे भरतात. गोठलं की काच होते काच! बर्फ कसा राखायचा ते मला शिकवता?"

"आजोबा, तुमचं वय झालं," बाई थकून म्हणाल्या. "उद्या संध्याकाळी दुसरा माणूस येतोय. किल्ल्या त्याला द्या."

त्या रात्री आजोबा अर्ध्या ताटावरून उठले. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी फडक्याने लख्ख पुसला आणि खुंटीला न लावता उशाशी ठेवला.

"आज संध्याकाळपर्यंत वेळ आहे," भिंगरीने सकाळी दोघांना बजावलं. "जे होतं ते जेवणाच्या सुट्टीत होतं. आपण बाकांखाली लपायचं!"

"आणि माझं जेवण?" पावशेरने घाबरून विचारलं.

"एक दिवस जेवला नाहीस तर छटाक होणार नाहीस!"

दुपारी सगळे पांगले. तिघं बाकांखाली श्वास रोखून पडले. आजोबांनी दारातून नेहमीसारखी हाक दिली, "चला, जेवायला! दिवे वाढवा रे!" आणि ते निघून गेले.

गोलच्या डोक्यावर सिनेमाचे मोठे दिवे टांगले होते. ते मंद-प्रखर करायची मूठ दिवेवाल्याच्या हाताशी होती. त्याने ती शेवटपर्यंत फिरवली. "वाढवले हो आजोबा!" असं म्हणून डबा उचलला आणि तोही गेला!

गोलसमोर ऊन पडल्यासारखा लख्ख उजेड झाला. बघता बघता बर्फ घामेजला.

"शत्रू सापडला!" पावशेर फुसफुसला. "हा मुद्दाम करतोय!"

"थांब," भिंगरी म्हणाली. "घरी आजोबा 'दिवा वाढव' म्हणतात, तेव्हा तू काय करतोस?"

"मालवतो. त्यांना 'विझव' म्हटलेलं चालत नाही, म्हणून ते वाढव..." पावशेरचा आ वासला तो तसाच राहिला. "अगं बाई!"

"चला, सांगू या!" चष्मिस उठलीच.

"नुसतं सांगून कोण ऐकतंय? मोठी माणसं पोरांचं ऐकत नाहीत. त्यांना त्यांचंच बोलणं ऐकवायला हवं!"

चष्मिसने मूठ परत अर्ध्यावर आणली. पावशेर धावत सुटला, "बाई! बर्फाचा चोर सापडला! लवकर या!" पाच मिनिटांत सगळे हजर. कुणाच्या हातात घास, कुणाच्या मिशीला ताक!

"कुठाय चोर?" बाईंनी विचारलं.

"दाखवते. आजोबा, जेवायला जाताना रोज जे सांगता ते एकदा सांगा ना!"

"हे काय आता खूळ? बरं. दिवे वाढवा!"

दिवेवाल्याने मूठ फिरवली. उजेड दुप्पट झाला.

"अरे, वाढवा म्हणतोय ना!" आजोबा डोळ्यांवर हात धरत म्हणाले.

"वाढवले की!"

"कुठे वाढवले? डोळे फुटायची वेळ आली! वाढव!"

"आणखी कुठे वाढवू, आजोबा? मूठ हातात येईल!"

"मूर्खा, वाढव म्हणजे बंद कर!"

टप्, टप्, जाळीवरून पाणी ठिबकलं. मग नायकच पहिल्यांदा खो खो हसत सुटला.

"मी चार दिवस हेच करतोय!" दिवेवाल्याने कपाळावर हात मारला. "आल्यावर मूठ पुन्हा जागेवर आणायचो. मला वाटलं, बर्फाला उजेड लागत असेल!"

"आणि संध्याकाळचा मोठा खटका मी स्वतःच पाडतो, म्हणून हे कळलंच नाही," आजोबा पुटपुटले.

बाई त्यांच्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. "आजोबा, चूक माझी. विचारायचं सोडून तुमचं वय काढलं. किल्ल्या तुमच्याच."

दिवे मालवले. आजोबांनी गरम पाण्याचा पातळ हात फिरवला आणि तासभर कुणालाही पाऊल टाकू दिलं नाही. मग गाणं लागलं. नायक गात आला, वळला, काठी फिरली आणि शेवटच्या अक्षराला चकती जाळीत! तिघांनी इतक्या टाळ्या पिटल्या की तळवे लाल झाले.

"या तिघांनी माझा सिनेमा वाचवला!" बाई म्हणाल्या.

"पोरीचं डोकं चालतं हो!" आजोबा भिंगरीच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. "आणि पावशेर, तुझे पाय!"

"पोटाचं काय?" पावशेर म्हणाला. दिवेवाल्याने आपला उरलेला डबा मुकाट्याने त्याच्यापुढे केला.

पुढल्या वर्षी सिनेमा लागला. आजोबांनी तो दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा फक्त बर्फ पाहिला. त्यानंतर नऊ वर्षांनी, मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी, आजोबा वारले. त्या संध्याकाळी मैदानावरचे दिवे भिंगरीने वाढवले.