ड्रोनच्या पोटावरची पट्टी

"शिडी आणा!" मामा ओरडला, आणि टिटवीने त्याचा हात धरला.

गेल्या वर्षी छत तपासताना मामा शिडीवरून पडला होता. गुडघा अजून कुरकुरतो. म्हणून तर ड्रोन! ड्रोनच्या दुकानातल्या बाईंनी त्याला दोन ड्रोन दोन दिवसांसाठी वापरून बघायला दिले होते. एक तळहाताएवढा, हलका. दुसरा चांगला दणकट. आज संध्याकाळी पाचच्या आत एक परत करायचा होता. आज वाचनालयाचं छत तपासायचं काम होतं, आणि सुट्टीला आलेली टिटवी, तिचा भाऊ लंबू आणि मामाची मुलगी ढापणी हजर होतीच.

आधी मोठा ड्रोन उडवून झाला होता, तर दालनभर कागदच कागद!

"बंद करा ते वादळ!" ग्रंथपालबाई किंचाळल्या.

मग छोटा. तो झोकांड्या खात सरकला आणि थेट कपाटावर आपटला.

"हलकं ते हलकंच! शिडी आणा, आता मीच चढतो," मामा म्हणाला.

"थांब ना मामा!" टिटवी म्हणाली. "काल दुकानात हाच ड्रोन हवेत खिळा ठोकल्यासारखा उभा होता. एका रात्रीत काय बिघडलं?"

"टिटवीबाईंची टिवटिव सुरू!" लंबू हसला.

"तू शिडी आणायला जा. आणि कासवासारखा जा!" तिने त्याला पिटाळलं. "मामा, ड्रोन उडवताना फोनवर सारखी सूचनेची पिवळी पट्टी येत होती. काय लिहिलं होतं तिच्यावर?"

"ती काहीतरी सांगतच असते गं! मी आपला पुसून टाकतो."

टिटवीने ड्रोन उचलून उलटा केला. पोटावर चिकटपट्टी, आणि तिच्यावर मामाचं नाव!

"बाबा!" ढापणीने कपाळावर हात मारला. "छत्री झाली, डबा झाला, चष्म्याचं घर झालं. आता हा पण?"

"हरवायला नको म्हणून सकाळीच लावली. वर जागा नव्हती," मामा पुटपुटला.

"अरे, खाली ह्याचे डोळे आहेत, कॅमेरे! जमीन बघूनच तो एका जागी थांबतो. तू त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधलीस! फोन तेच सांगत असणार."

टर्रकन पट्टी निघाली. ड्रोन वर गेला आणि छताखाली गपगार थांबला.

"ते बघा!" ढापणी फोनच्या पडद्यावर वाकली. मुलांच्या टेबलाच्या बरोबर वर छताला टांगलेल्या जड दिव्याचे चारपैकी तीन स्क्रू निसटले होते!

ग्रंथपालबाईंनी ताबडतोब टेबल हलवलं. "पोरी, आज मोठा अनर्थ टाळलास!" त्यांनी टिटवीच्या पाठीवर थाप दिली.

इतक्यात लंबू धापा टाकत शिडी घेऊन आला.

"ने परत!" सगळे एकदम म्हणाले.

"उघड्या गच्चीवर, वाऱ्यात मोठाच बरा," मामा विचार करत म्हणाला. "पण माझी निम्म्याहून जास्त कामं आतली. छोटाच ठेवतो."

त्याने खिशातून नावाची नवी पट्टी काढली, ड्रोनच्या खोक्यावर धरली आणि टिटवीकडे बघितलं.

"इन्स्पेक्टरबाई, इथे लावली तर चालेल ना?"