असूयेचा आकडा

लोणावळ्यातल्या आमच्या संस्थेसाठी मी भातलावणीचं संगणकी प्रारूप बांधलं होतं. पवनेकडच्या एका गावातली घरं त्यात होती. इर्जिकीला, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या खाचरात राबायला, कुणाकडे जायचं हे त्यातलं प्रत्येक घर स्वतः ठरवी. नातं, अंतर, असूया, प्रत्येकाला मी एक आकडा दिला होता.

कोणत्या आकड्याने निकाल किती हलतो, ते तपासायचं राहिलं होतं. मी एका वेळी एकच आकडा बदलत असे. असूया कितीही वाढवली तरी लावणी पार पडे.

"ताई, सगळे आकडे एकदम हलवून बघायला हवेत," नवी आलेली अपेक्षा म्हणाली. "असूया एकटी काय करणार? तिला शेजार लागतो."

संस्थेचे सर हसले. पद्धत तिची ठरली. परिषदेत प्रारूपही तीच मांडणार होती. माझं प्रारूप.

गंमत म्हणून तिने चाचणीतल्या एका घराला स्वतःचं नाव दिलं, शेजारच्याला माझं. ती जेवायला गेली तेव्हा मी माझ्या घराची असूया पूर्ण वर नेली आणि दोघींमधलं अंतर शून्यावर आणलं. पडद्यावरचे ठिपके, म्हणजे बाकीची घरं, तिच्या खाचराकडे निघाले, आणि वाटेतून माझ्याकडे वळले. सगळे. पुन्हा चालवलं. तेच.

मी ते तसंच जतन केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्या गावात गेलो. पहिल्याच घरच्या धोंडाबाई नेहमी अपेक्षाचाच हात धरून पडवीत नेत. आज त्यांनी एकच कप आणला आणि माझ्यापुढे ठेवला.

"मावशी, मला न्हाई व्हय चहा?" अपेक्षा त्यांच्याच सुरात म्हणाली.

"आज एकलीच आलीस?" धोंडाबाईंनी मला विचारलं. "तुज्यासंगं एक पोर यायची. लय गोड. कुटं गेली गं ती?"

अपेक्षा हसली. पुढच्या घरी मात्र ती हसली नाही.

परतीच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली.

"ताई, तुम्ही काही बदललंय का?"

तिचा आवाज ऐकू यायला मला वाकावं लागलं.

"गेल्या गेल्या तो आकडा खाली आणाल ना?"

फाट्यावर गाडी भरली. डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई आमच्या बाकाशी थांबली. अपेक्षाने माझं मनगट घट्ट धरलं.

"ताई, हितं कुनी बसलंय का?" त्या बाईने मला विचारलं.

मी खिडकीबाहेर पाहिलं.

"नाही," मी म्हटलं. "बसा ना."