किरकिरा पंखा

तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तनयाने फोनचा आवाज पूर्ण वाढवला आणि फोन काउंटरवर ठेवला. आतून एक बारीक, चिवट घरघर ऐकू येऊ लागली.

"हा माझ्या कॉम्प्युटरचा पंखा," ती म्हणाली. "याला गप्प कसं करायचं?"

दुकानदाराने मान वर न करताच विचारलं, "फिरतोय ना? मग वाजणारच. न फिरणारा देऊ का?"

ऑक्टोबरचं ऊन पाठ भाजून काढत होतं आणि तनया आधीच वैतागलेली होती. खडकीतल्या घरात, कपड्यांच्या कपाटात बसून, भोवती गोधड्या टांगून ती एका कंपनीसाठी ऑडिओबुकं वाचायची. तिचा कॉम्प्युटर म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी चपटी पेटी. पण ती तापली की आतला चिमुकला पंखा असा किरकिरायचा की वाचलेलं सगळं फुकट जायचं. कंपनीतला कोणी संपादक प्रकरणामागून प्रकरण परत पाठवत होता. मेलखाली नाव नाही, 'नमस्कार' नाही. फक्त एक ओळ... मागे घरघर आहे, पुन्हा वाचा. आता सोमवारपर्यंत बिनघरघरीचं सहावं प्रकरण गेलं नाही, तर कादंबरीच दुसऱ्या कोणाकडे जाणार होती.

हे सगळं तिने दुकानदाराला ऐकवलं. त्या संपादकाला माणसाचे नसून कुत्र्याचे कान असावेत, असंही सांगून टाकलं.

"सहाव्यात घरघर जरा जास्तच आहे," शेजारून कोणीतरी म्हणालं. "नायिका रडते ना... तिथे."

तिने वळून पाहिलं. हातात वायरचं भेंडोळं, नाकावर घसरलेला चष्मा, तिशीच्या आतला एक तरुण. तो तिच्याकडे न बघता फोनकडेच बघत होता. तनयाला उलगडा व्हायला क्षणभर लागला. मग तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"म्हणजे तुम्ही –"

"प्रज्ञेश. कान माणसाचेच आहेत, हवं तर बघून घ्या."

हसू आवरताना तिला फार कष्ट पडले.

कोपऱ्यावरच्या रसवंतीत उसाचा रस पिताना त्याने कबूल केलं, की तिच्या घराखाली पिठाची गिरणी असावी अशी त्याची समजूत होती. मग विचारलं का नाही, असं तिने विचारलं. कंपनीच्या मेलवर तेवढंच लिहायची पद्धत आहे, असं म्हणून तो ग्लासातल्या बर्फाकडे पाहत राहिला. उठताना मात्र म्हणाला, की शनिवारी वेळ आहे. पेटी उघडून बघायला हरकत नसेल तर येतो. तनयाने हो म्हटलं. घरी पोचेपर्यंत तिला राहून राहून वाटत होतं, की आपण फारच पटकन हो म्हटलं.

शनिवारी दार तिच्या वडिलांनी, अनंतरावांनी उघडलं. निवृत्तीनंतर त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं आणि कानातलं यंत्र लावायचा त्यांना कंटाळा. पंख्याजवळ कान नेऊन ते म्हणाले, "कुठाय आवाज? उगाच नावं ठेवता बिचाऱ्याला."

प्रज्ञेशने पेटी उघडली. ब्रशने धूळ काढली, पात्यांवर फुंकर घातली, पंखा जरा उचलून पाहिला – आणि त्याची केसासारखी वायर मुळासकट हातात आली. घरघर थांबली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आपण हे फक्त व्हिडिओत पाहिलं होतं, असं त्याने हळूच सांगितलं.

तनयाला खरं तर राग यायला हवा होता. पण त्याचे घाबरलेले डोळे पाहून तो आलाच नाही. ती पेटीकडे बघत विचार करू लागली. पंखा लहान, म्हणून त्याला जिवाच्या आकांताने पळावं लागतं. पळतो म्हणून ओरडतो. मग मोठा पंखा सावकाश फिरवला तर?

दोघं त्याच्या स्कूटरवरून परत तापकीर गल्लीत गेले. दुकानदाराने दोघांना एकत्र पाहिलं आणि काही न विचारता मोठा पंखा काढून दिला. अनंतरावांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे कापून पंख्याखाली ठेवले, म्हणजे धक्के पेटीला लागू नयेत. झाकण उघडंच ठेवून पंखा वर बसवला आणि पेटी कपाटात नेली.

गोधड्यांच्या त्या अंधारात दोघं वाकून ऐकू लागले. पंखा फिरत होता, हवा लागत होती, पण आवाज... नव्हता. इतकं शांत झालं, की त्याचा श्वास तिला ऐकू आला. बहुधा तिचाही त्याला.

"काही ऐकू येतंय?" तिने कुजबुजत विचारलं.

"पंखा नाही," तो म्हणाला.

अनंतरावांनी बाहेरून चहा झाल्याचं सांगितलं, तेव्हा कुठे दोघं कपाटातून बाहेर आले.

सहावं प्रकरण सोमवारी गेलं, पसंत झालं. मग सातवं, आठवं. उत्तर यायचं, 'ठीक.' तनया तो एक शब्द उघडून बघायची, बंद करायची, पुन्हा उघडायची. फोनमध्ये त्याचा नंबर होता. ती दोन ओळी लिहायची आणि पुसायची. आता काय निमित्त सांगायचं? जेवताना वडील दोनदा बोलले तरी तिला ऐकू जायचं नाही, म्हणजे त्या घरात कोणालाच काही ऐकू येत नव्हतं.

आणि एका सकाळी मेल आला – यापुढे तुमचं काम शर्मिलाताई बघतील. कारण दिलेलं नव्हतं. तनयाने त्या शनिवारचा क्षणन् क्षण आठवून पाहिला. आपलं काय चुकलं? तो घाबरला का? की त्याच्या मनात काही नव्हतंच?

शर्मिलाताईंनी दुसऱ्याच दिवशी प्रज्ञेशने पसंत केलेली सगळी प्रकरणं परत पाठवली. एका ठिकाणी नायिकेची मावशी मामी झाली होती. एक अख्खा परिच्छेद गळला होता. असं कसं सुटलं, हे त्यांना कळत नव्हतं. तनयालाही कळेना. आणि आता मात्र तिच्याकडे निमित्त होतं.

संध्याकाळी ती कर्वे रस्त्यावर त्याच्या ऑफिससमोर उभी राहिली. तो जिना उतरून आला, तिला पाहून थबकला.

"अख्खा परिच्छेद सोडलात तुम्ही," ती म्हणाली. "घरघर तेवढी बरोबर ऐकू यायची. मग हे?"

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"घरघर गेली आणि फक्त तुमचा आवाज राहिला... तुम्ही वाचायचात आणि मी नुसता ऐकत बसायचो. चूक कळायचीच नाही." तो थांबला. "म्हणून शर्मिलाताईंना काम दिलं. तुमचं काम पसंत करणाऱ्यानेच तुम्हाला काही विचारायचं, हे बरं दिसलं नसतं."

"मग आता विचारा."

"इथे? फुटपाथवर?"

"मी खडकीहून आलेय."

"मला आवडता तुम्ही," तो म्हणाला. "फार. तुम्हाला...?"

रोज तासन् तास बोलणाऱ्या तिने नुसती होकाराची मान हलवली. मग, तो काही बोलायच्या आत, समोर कॉफी मिळते का असं काहीतरी पुटपुटून ती भराभर रस्ता ओलांडायला निघाली. मेट्रोच्या खांबाआडून एक रिक्षा सुसाट आली.

"तनया, थांब!"

त्याने तिचा हात धरून मागे ओढलं. रिक्षा गेली. तो रिक्षावाल्याला काहीबाही बोलत होता. 'तुम्ही' कुठे गळून पडलं, हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

तिने ते सांगितलं नाही. हातही सोडवून घेतला नाही.

"चल," ती म्हणाली, "आता रस्ता मोकळा आहे."