पिल्लं कधी न्यावीत

मे

आमच्या बँकेच्या कामाला शहाडला गेलेले. ऊन असं पेटलेलं, की स्टेशनबाहेर पहिली ताडपत्री दिसली तिच्याखाली घुसले.

आत चिवचिवाट! जाळीच्या पेटीत कोंबडीची पिवळी, करडी पिल्लं. आणि त्यांना पाणी ठेवणारा तो. मनगटापर्यंत भुसा चिकटलेला.

मला आई आठवली. रिटायर झाल्यापासून डोंबिवलीच्या घरामागच्या रिकाम्या अंगणाकडे बघत बसते.

"दहा द्या."

"नाही देणार."

"विकायला नाहीत?"

"आहेत. पण या उन्हात माना टाकतील. पाऊस स्थिरावला की या."

खाली बघूनच बोलला. मग वर बघितलं…

"या पण. नक्की."

जुलै

शहाडला माझं काहीच काम नव्हतं.

"आता?"

"आता ओल आहे. भुसा दमट राहिला की पिल्लं आजारी पडतात."

त्यानं एक पिल्लू माझ्या ओंजळीत ठेवलं. एवढंसं वजन — आणि केवढी धडधड. त्याची बोटं माझ्या बोटांखाली तशीच राहिली.

पिल्लू पडू नये म्हणून. असेल.

सप्टेंबर

"गणपती गेले, विनीत. आता तरी?"

"ऑक्टोबरचं ऊन बाधतं. ते सरू दे."

"तू दुकान चालवतोस की पंचांग?"

"तू पिल्लं न्यायला येतेस की मला छळायला?"

"पेटीतलं पाणी संपलंय बघ."

"बघ! विषय बदलला."

नोव्हेंबर

गेले नाही.

म्हणजे कल्याणपर्यंत गेले. पुढचंच स्टेशन शहाड. तिथूनच परत फिरले. येत्या मार्चपासून माझी रत्नागिरीला बदली झालेली. हे त्याला कुठल्या शब्दांत सांगायचं, तेच सापडत नव्हतं.

डिसेंबर

शब्द सापडले. गेले.

दुकानातून एक काका खोकं घेऊन बाहेर पडत होते. खोक्याच्या भोकांतून चिवचिवाट.

"त्यांना बरी दिलीस!"

"ते… त्यांच्याकडे बल्बची सोय आहे."

"माझ्याकडे वीज नाहीये?"

"तसं नाही गं."

"मग कसं? मेपासून फिरवतोयस मला!"

त्यानं भुसा चाळायला घेतला. कान लाल.

"ते परत नाही आले तरी चालतं मला."

पिल्लंसुद्धा गप्प झाली. खरंच. किंवा मला ऐकू येईना.

आणि मी मूर्ख, तेव्हाच म्हणाले, "माझी बदली झालीय."

फेब्रुवारी

शिवरात्र झाली. त्यानं स्वतःच खोकं भरून ठेवलेलं.

"हीच खरी चांगली वेळ, ऋजुता. थंडी ओसरली, ऊन तापायच्या आत पंख फुटतील. रात्री बल्ब लाव. पिल्लं गोळा होऊन बसली तर थंडी वाजतेय, लांब पळाली तर उकडतंय. त्यावरून बल्ब खालीवर करायचा."

"आणि मी लांब गेले तर?"

तो सुतळीची गाठ मारत राहिला. एकच गाठ. किती वेळ.

निघताना डोंबिवलीचा पत्ता त्याच्या वहीत लिहून दिला. खोकं उबदार होतं. घरी येईपर्यंत छातीशी धरलेलं.

मार्च, एप्रिल, मे, जून…

रत्नागिरी.

फोनवर आई: "तो शहाडचा मुलगा आज पण आलेला. म्हणे पिल्लं बघायला. अगं, पिल्लं कसली, कोंबड्या झाल्या! कोंबडा आरवतोय रोज!"

"काय म्हणाला?"

"काही नाही. चहा प्यायला. तुझ्या चपलांच्या स्टँडकडे बघत बसला."

ऑक्टोबर

"ऐक ना, करडी कोंबडी खुडूक बसलीय. मी म्हटलं, खाली अंडी ठेवते, पिल्लं निघतील. तर विनीत म्हणतो, आत्ता नको."

"का?"

"म्हणे, ऋजुता येईल तेव्हा ठेवू. ही कुठली रीत गं?"

बाहेर समुद्रावरचं ऊन. माझ्या तळहातात तीच धडधड.

"त्याचं खरं मानू नकोस, आई. त्याला चांगली वेळ कळते… पण सांगतो भलतीच."

"मग ठेवू का अंडी?"

"नको. थांब. शनिवारी येतेय मी. त्यालाही बोलव."

"बोलवायचं काय त्यात?" आई म्हणाली. "इथंच बसलाय, कान देऊन."