शाळेत गोळ्या नकोत

मस्कतमध्ये मत्रहच्या बाजारामागे बॅनर छापायचं दुकान आहे. दुकान अर्बाबचं, म्हणजे ओमानी मालकाचं, मशीन अर्बाबचं, व्हिसासुद्धा अर्बाबच्या कृपेचा. रत्नागिरीच्या ताबिशचं स्वतःचं असं तिथे एक हसू होतं. आत आलेल्या अंतराला पाहून त्याने ते तत्काळ कामाला लावलं.

एसीखाली उभं राहून तिने ओढणीने मान टिपली आणि कागद पुढे केला. वर एकच ओळ — ‘शाळेत गोळ्या नकोत’.

“मॅडम, अक्षर... छान आहे तुमचं.”

“फोनवर टाइप केलंय.”

“तरी. चित्र कसलं टाकू?”

“तुम्हाला सुचेल ते.”

मस्कतमध्ये वाढलेल्या मुलीचं मराठी असं कुठेतरी बेसावध राहतं. गुरुवारी ती आली तेव्हा बॅनरभर लिमलेटच्या गोळ्या होत्या आणि मधोमध रडणारा किडका दात.

तिने किडक्या दातावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, “बंदुकीच्या गोळ्या हो.”

तिचा मावसभाऊ यश, सोळा वर्षांचा, अमेरिकेतल्या त्याच्या शाळेत फेब्रुवारीत मारला गेला होता. बंदुकांवर कायदा व्हावा म्हणून मावशी तिथल्या सुनावणीत बोलणार होती. अंतरा आणि तिच्या शाळेतले तीन जुने मित्र मावशीला पाठवायच्या पत्रावर इथे सह्या जमवत होते. मराठी मंडळाने हॉल तीनदा नाकारला होता.

ताबिशचं हसू गेलं. “दुसरं छापतो. आत्ता—”

तेवढ्यात मंडळाच्या रविकांतकाकांचा फोन आला. मंडळाचे बॅनर इथेच छापले जात, म्हणून दुकानाने नमुना त्यांनाही पाठवला होता. “दातांचा विषय घेतलास, शहाणी आहेस. हॉल दिला.”

“आता?” ताबिशने विचारलं.

“आता दात,” अंतरा म्हणाली. “आणि उद्या तू यायचंस. दात तुझा आहे.”

“मला ‘तू’ म्हणालात?”

“म्हणाले. चालेल?”

“...धावेल.”

शुक्रवारी हॉल भरला. मंडळाच्या श्यामलाकाकूंनी मुलांना ब्रश वाटले. पत्र फिरलं, दातांचंच असणार म्हणून न वाचता एकशे बारा जणांनी सह्या केल्या. मग अंतराने माइक घेतला, यशचं नाव घेतलं आणि गोळ्या कसल्या ते सांगितलं.

“बेटा, वाईट झालं,” रविकांतकाका उठून म्हणाले, “पण परक्या मुलखात असल्या कागदांवर नाव नको. उद्या व्हिसावर आलं तर?”

लोक उठले आणि नावं खोडायला रांगेत उभे राहिले. रांग सरळ होती. कुणी कुणाला ढकललं नाही. “काळजी घे हं,” म्हणत काकूंनी आपलं नाव दोनदा खोडलं. तिचे तिन्ही मित्र त्याच रांगेत आपापल्या वडिलांच्या मागे उभे होते.

हॉल रिकामा झाला. कागदावर दोन सह्या उरल्या — तिची आणि ताबिशची.

“अर्बाबला कळलं तर? व्हिसा जाईल तुझा,” ती म्हणाली.

“कळू दे. मला तू...” तो थांबला. “मला तू आवडतेस, हे नीट छापून द्यायचं होतं. चित्राशिवाय.”

ती हसली. त्या दिवसातलं पहिलंच. मग पेन उचलून तिने त्याची सही सावकाश खोडली.

“अगं, ती माझी होती.”

“माहितीय,” ती म्हणाली. “मला पण तू आवडतोस.”

त्याने पेन मागितलं. तिने दिलं नाही. रविवारच्या विमानाने ती एक सही घेऊन मावशीकडे गेली. पेनही घेऊन गेली.